आयर्लंडने खटला भरला नाही, फ्रान्सने २५ वर्षं सुनावली

२३ डिसेंबर १९९६ च्या सकाळी आयर्लंडच्या वेस्ट कॉर्क भागात, स्कल गावाजवळच्या टूरमोर इथे, एका आडबाजूच्या घराच्या फाटकापाशी सोफी तोस्काँ द्यु प्लांतिए हिचा मृतदेह सापडला. वय ३९. पॅरिसमध्ये टीव्हीसाठी माहितीपट काढणारी निर्माती. हे तिचं सुट्टीतलं घर. नाताळच्या आधी थोडे दिवस ती तिथे एकटीच राहायला आली होती. अंगावर रात्रीचे कपडे, पायात बूट, डोक्यावर दगडाचे आणि काँक्रीटच्या ठोकळ्याचे घाव.

या खुनाबद्दल आयर्लंडमध्ये एकाही माणसावर खटला उभा राहिला नाही. फ्रान्समध्ये मात्र ३१ मे २०१९ रोजी इयन बेली या इंग्रज पत्रकाराला याच खुनासाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. तो त्या न्यायालयात हजर नव्हता. आयर्लंडमध्ये मोकळा होता, बाजारात पिझ्झे विकत होता. खून एक, संशयित एक, कागदपत्रंही बहुतांशी तीच. एका देशाच्या अभियोग कार्यालयाला ती न्यायालयात नेण्याच्या लायकीचीसुद्धा वाटली नाहीत, आणि दुसऱ्या देशाच्या तीन न्यायाधीशांची त्यांवरच खात्री पटली.

आयर्लंडची प्रतिपक्षी पद्धत आणि फ्रान्सची चौकशीप्रधान पद्धत हा फरक कायद्याच्या वर्गात दोन रकान्यांचा तक्ता काढून शिकवतात. एकीकडे न्यायाधीश पंचासारखा अलिप्त, दोन्ही बाजूंचे वकील भांडणार. दुसरीकडे न्यायाधीश स्वतः चौकशी करणार, वकील मागच्या बाकावर. तक्ता चुकीचा नाही, पण त्यातून खरी गोची कळत नाही. सोफीच्या प्रकरणात दोन्ही पद्धतींची वाट फुटली ती एका प्रश्नावर: पुरावा कशाला म्हणायचं? जे भर न्यायालयात उलटतपासणीनंतर उभं राहतं त्याला, की जे फायलीत नीट नोंदलेलं आहे त्याला?

आधी तपासाची कथा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सरकारी शवविच्छेदन तज्ज्ञ घटनास्थळी पोचले ते दुसऱ्या दिवशी. तोवर मृतदेह उघड्यावरच होता, त्यामुळे मृत्यूची वेळ नेमकी ठरवता आली नाही. बेलीला घटनास्थळाशी जोडणारा रक्ताचा, केसाचा किंवा ठशाचा एकही पुरावा मिळाला नाही. रक्ताचे डाग असलेलं फाटक पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि पुढे ते चक्क हरवलं. लोखंडी फाटक, पाकिटात मावणारी वस्तू नव्हे! पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या आयरिश यंत्रणेने २०१८ साली अहवाल दिला तेव्हा गहाळ वस्तूंच्या यादीत हे फाटक होतं, आणि तपासाच्या नोंदवहीतली काही पानंही होती.

बेलीवर संशय का आला? तो जवळच राहत होता, खुनाच्या बातम्या स्वतःच वर्तमानपत्रांना देत होता आणि त्याच्या हातांवर ओरखडे होते. ओरखड्यांचा खुलासा त्याने केला: नाताळचं झाड तोडलं, टर्की मारल्या. जोडीदार बाईला त्याने पूर्वी बेदम मारहाण केली होती, हेही गावाला ठाऊक होतं. त्यात स्कलमधल्या एका दुकानदार बाईने निनावी फोन केला आणि नंतर जबाब दिला, की त्या रात्री तीनच्या सुमारास केल्फाडा पुलाजवळ तिने एक माणूस पाहिला. पुढे तिने तो बेलीच असल्याचं सांगितलं. फेब्रुवारी १९९७ आणि जानेवारी १९९८ अशी बेलीला दोनदा अटक झाली. दोन्ही वेळा आरोप न ठेवता सोडून दिलं.

आयर्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यात खटला भरायचा की नाही हे पोलीस ठरवत नाहीत. ते डीपीपी ठरवतो, म्हणजे सरकारी अभियोगाचा स्वतंत्र संचालक. त्याच्या कार्यालयातले रॉबर्ट शीहन या वकिलांनी २००१ मध्ये ४४ पानांचं टिपण लिहिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाचनीय कागद हाच. शीहननी पोलिसांच्या तपासाची अक्षरशः सालं काढली. तपास सदोष आहे, पूर्वग्रहाने बरबटलेला आहे, बेलीच खुनी आहे असं पोलिसांनीच गावात पसरवलं आणि मग त्याच गावाचे जबाब घेतले, हा त्याचा रोख. बेलीने रक्ताचे नमुने स्वतःहून दिले, हेही त्यांनी नोंदवलं. ज्याचे स्वतःचे हात खरचटलेले आहेत आणि जो खुनी आहे, तो रक्त द्यायला इतक्या सहज तयार कसा होईल?

एक पुरावा जवळून पाहू. खुनानंतर सहा-सात आठवड्यांनी बेलीने १४ वर्षांच्या एका शेजारच्या मुलाला गाडीतून घरी सोडलं. वाटेत तो मुलाला म्हणाला की मी दगड घेऊन तिकडे गेलो आणि तिचं डोकं फोडलं. बेलीचं म्हणणं असं की लोक माझ्याबद्दल काय बोलतात तेवढं मी सांगत होतो. अशी ‘कबुली’ त्याने आणखी काही लोकांजवळ दिल्याचं त्या लोकांनी सांगितलं. त्यात एका वर्तमानपत्राची संपादक होती, नववर्षाच्या रात्री भेटलेलं एक जोडपं होतं. बेली म्हणे, ती माझी काळी थट्टा होती.

आयरिश न्यायालयात त्या मुलाची साक्ष ग्राह्य ठरली असती. आरोपी स्वतःहून बोललेलं वाक्य ऐकीव पुराव्याच्या मनाईत अडकत नाही. प्रश्न ते टिकलं असतं का, हा. शीहननी नेमकी जागा पकडली. मुलगा त्या दिवशी घरी गेला तेव्हा घाबरलेला नव्हता. घाबरला तो दुसऱ्या दिवशी, एका पोलिसाशी बोलणं झाल्यावर. बचाव पक्षाच्या वकिलाला एवढी फट पुरेशी असते. “त्या संध्याकाळी आईला काही सांगितलंस का? मग दुसऱ्या दिवशी काय बदललं?” असे चार प्रश्न विचारले की बारा ज्यूरींपैकी निम्म्यांच्या मनात शंका येते, आणि प्रतिपक्षी पद्धतीत शंका आली की खेळ संपला. शीहन ती उलटतपासणी मनातल्या मनात, आगाऊ करत होते. चांगला अभियोक्ता तेच करतो. निर्णय: खटला नाही.

निर्णय मला पटतो. तो ज्या रीतीने झाला ती पटत नाही. एका कार्यालयात, बंद दाराआड, एका फायलीवर शेरा पडला. सोफीच्या आईवडिलांना, तिच्या मुलाला कारणं सांगितली गेली नाहीत. टिपण बाहेर आलं ते दहा वर्षांनी, २०११ च्या सुमारास, तेही बेलीला फ्रान्सच्या हवाली करायचं की नाही या वादात. प्रतिपक्षी पद्धतीत भांडण सरकार आणि आरोपी या दोघांचं. ज्याचं माणूस गेलं तो फार तर साक्षीदार. सरकारने भांडायचंच नाही असं ठरवलं की त्याला उभं राहायला जागाच उरत नाही.

ती जागा फ्रान्समध्ये आहे. फ्रेंच दंडसंहितेनुसार फ्रेंच नागरिकाविरुद्ध परदेशात गंभीर गुन्हा घडला तर तो फ्रान्समध्ये चालवता येतो. आणि मृताचे नातेवाईक फौजदारी प्रकरणातच दिवाणी पक्षकार म्हणून सामील होऊ शकतात. त्यांना वकील नेमता येतो, फाईल पाहता येते, अमुक चौकशी करा अशी मागणी करता येते. खुनासारख्या गुन्ह्यात तपास न्यायाधीश असावाच लागतो, आणि त्याने आरोपीच्या विरोधातलं आणि आरोपीच्या बाजूचं, दोन्ही शोधायचं अशी कायद्याचीच आज्ञा आहे. २००७ मध्ये सोफीच्या आप्तांनी संघटना उभी केली. २००८ मध्ये पात्रिक गाशाँ या तपास न्यायाधीशांकडे प्रकरण आल्यावर चक्रं फिरली. त्याच वर्षी सोफीचा दफन केलेला देह उकरून पुन्हा तपासला गेला. २०११ मध्ये फ्रेंच पोलीस वेस्ट कॉर्कला जाऊन साक्षीदारांना भेटून आले.

कागदावर ही रचना प्रतिपक्षी पद्धतीपेक्षा उमदी वाटते. दोन्ही बाजूंचं शोधणारा एक तटस्थ माणूस! पण गाशाँच्या हाती मूळ सामग्री कुठली आली? आयरिश पोलिसांनी जमवलेलीच. शीहननी नासकी ठरवलेलीच. तपास न्यायाधीश बारा वर्षांनी दुसऱ्या देशातून येऊन हरवलेलं फाटक परत आणू शकत नाही. आणि चौकशीप्रधान पद्धतीत एकदा कागद फायलीत गेला की त्याला वजन येतं. साक्षीदार न्यायालयात आला नाही तरी जबाब वाचून दाखवता येतो.

दुकानदार बाईचंच घ्या. २००५ मध्ये तिने जबाब फिरवला. पोलिसांनी दबाव आणला म्हणून आपण बेलीचं नाव घेतलं, असं ती म्हणू लागली. बेलीने आयरिश सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तो नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१५ असा ज्यूरीपुढे चालला. त्यात ती बेलीच्या बाजूची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात आली. सरकारी वकिलांनी तिला खिंडीत गाठलं. त्या रात्री गाडीत तुझ्यासोबत कोण पुरुष होता? नाव सांग. ती मध्येच उठून न्यायालयाबाहेर निघून गेली, नंतर परत आली. बेली तो दावा हरला. म्हणजे ती बेलीच्या विरोधात साक्षीदार म्हणून जितकी कुचकामी, तितकीच पोलिसांच्या विरोधातही कुचकामी निघाली. एका दुपारच्या उलटतपासणीत हे लख्ख झालं. पॅरिसमध्ये मात्र तिचे जुने जबाब फायलीत होतेच, आणि न्यायालयाने ते विचारात घेतले.

गंमत अशी की उलटतपासणी म्हणावी अशी या प्रकरणात दोनदाच झाली आणि दोन्ही वेळा ती बेलीनेच ओढवून घेतली. दुसरी ही. पहिली २००३ मध्ये, कॉर्कच्या न्यायालयात, जेव्हा त्याने वर्तमानपत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे ठोकले. बहुतेक दावे तो हरला. दिवाणी दाव्यात पुराव्याचा निकष सौम्य. तिथे शेजारी, ओळखीपाळखीचे येऊन बोलले, त्याची हिंसा, रोजनिश्या, सगळं चव्हाट्यावर आलं. अब्रू वाचवायला गेला आणि पुढच्या फ्रेंच फायलीला खुराक पुरवून आला.

२७ मे २०१९ ला पॅरिसच्या असीझ न्यायालयात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात, सुनावणी सुरू झाली. एरवी इथे न्यायाधीशांबरोबर नागरिक ज्यूरी बसतात. आरोपी गैरहजर असल्याने ज्यूरी नव्हती, तीन न्यायाधीश होते. बेलीच्या वतीने वकीलही आला नाही. ही सुनावणी आपण मानत नाही, ही त्याची भूमिका. आयर्लंडहून बोलावलेल्या साक्षीदारांपैकी थोडेच आले. पाच दिवसांत निकाल.

आणि इथे माणसाचा स्वभाव हाच पुरावा झाला. फ्रेंच पद्धतीत आरोपीचं व्यक्तिमत्त्व हा सुनावणीचा नेहमीचा भाग आहे: बालपण, नाती, दारू, मानसतज्ज्ञांचे अहवाल. बेलीच्या रोजनिशीतल्या नोंदी, जोडीदारावरचे हल्ले, त्याच्या स्वभावाबद्दल तज्ज्ञांचं मत, सगळं न्यायाधीशांसमोर आलं. आयरिश ज्यूरीसमोर यातलं बरंचसं येऊच दिलं नसतं, कारण बायकोला मारणारा माणूस खून करेलच ही उडी ज्यूरीने मारू नये म्हणून न्यायाधीश दार लावून घेतो. आपल्याकडेही आरोपीचं वाईट चारित्र्य सहसा गैरलागू. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ५४, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ४९.

फ्रेंच न्यायाधीशाला कायदा विचारतो तो प्रश्नही वेगळा आहे. कुठला पुरावा किती वजनाचा याचे नियम तो घालून देत नाही. सगळं ऐकून, स्वतःच्या मनाशी प्रामाणिक राहून, तुमची आतून खात्री पटली आहे का, एवढंच विचारतो. तिन्ही न्यायाधीश अप्रामाणिक होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण आतली खात्री पटायला समोर ‘नाही’ म्हणणारा माणूस लागतो. फायलीतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला बोट दाखवते आणि ते बोट कलतं कसं हे दाखवायला कोणी हजर नाही, तेव्हा खात्री पटणं स्वस्त होतं. प्रतिपक्षी न्यायाधीश इतका एकटा पडत नाही. आरोपीला वकील हवा असून तो नसेल तर तो सहसा सुनावणी पुढे रेटत नाही. चौकशीप्रधान पद्धतीला वकिलाची गरज कमी असते असं मानतात. मला या प्रकरणातून उलटं दिसतं: फायलीच्या जोरावर चालणाऱ्या पद्धतीलाच फाईल फाडून दाखवणारा माणूस जास्त हवा.

हस्तांतराचा, म्हणजे बेलीला फ्रान्सच्या हवाली करण्याचा, भाग थोडक्यात. फ्रान्सने युरोपीय अटक वॉरंट तीनदा काढलं. आयरिश सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०१२ रोजी, उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा १२ ऑक्टोबर २०२० रोजी नकार दिला. मुख्य अडचण अधिकारक्षेत्राची होती. परदेशात परक्या नागरिकाने केलेला खून आयर्लंड स्वतः चालवत नसे, मग फ्रान्सला तशी मदत कशी करायची? बेलीच्या अपराधाबद्दल यात कोणीच काही ठरवलं नाही. २०२२ मध्ये आयरिश पोलिसांनी जुन्या तपासाचा नव्याने आढावा घ्यायला सुरुवात केली. २१ जानेवारी २०२४ रोजी बॅन्ट्री इथे बेली मेला, शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचं सांगत.

हेच प्रकरण महाराष्ट्रात घडलं असतं तर? तपासी अंमलदाराने बहुधा ‘ए समरी’ मागितली असती: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, किंवा माहीत आहे तरी पाठवण्याजोगा पुरावा नाही. फरक असा की आपल्याकडे समरी मंजूर करायची ती न्यायदंडाधिकाऱ्याने, आणि फिर्यादीला नोटीस देऊन, त्याचं ऐकून. भगवंत सिंग प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. फिर्यादी हरकत अर्ज देतो, दंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतो, समरी धुडकावून दखलही घेऊ शकतो. इंग्रजांकडून घेतलेल्या पद्धतीत ही एक खिडकी आपण ठेवली आहे, आणि सोफीच्या घरच्यांना स्कलमध्ये नेमकी तीच मिळाली नाही. पोलिसांसमोरचा जबाब आपल्याकडे साक्षीदाराला खोडायलाच वापरतात, त्यामुळे दुकानदार बाई फितूर झाल्यावर तिच्या जुन्या कागदाच्या बळावर कोणाला शिक्षा झाली नसती. फौजदारी न्यायपद्धतीत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीने २००३ च्या अहवालात चौकशीप्रधान पद्धतीतून काही घ्यावं, ‘वाजवी संशयापलीकडे’ हा निकष सैल करून न्यायालयाची खात्री पटणं पुरेसं मानावं, असं सुचवलं होतं. निकषाची ती सूचना स्वीकारली गेली नाही, ते बरं झालं.

एका बाबतीत मात्र आपण आता पॅरिसच्या शेजारी जाऊन बसलो आहोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५६ फरार घोषित आरोपीविरुद्ध गैरहजेरीत खटला चालवून निकाल द्यायची मुभा देतं. अटी आहेत: गंभीर गुन्हा हवा, किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं निघालेली हवीत, दोषारोप ठेवल्यापासून नव्वद दिवस गेलेले हवेत. आरोपीने वकील दिला नाही तर सरकारी खर्चाने द्यायचा. पॅरिसच्या त्या रिकाम्या बाकापेक्षा हे नक्कीच बरं, जरी अशिलाला कधी न भेटलेला वकील काय उलटतपासणी घेणार हा प्रश्न उरतोच.

पण नंतरचं पाहा. बेलीला फ्रेंच पोलिसांनी पकडलं असतं तर गैरहजेरीतली ती शिक्षा रद्द धरून त्याच्यावर नव्याने, ज्यूरीसह खटला चालवावा लागला असता. फ्रेंच कायद्याने तेवढी किल्ली त्याच्या हातात ठेवली होती. आपलं कलम ३५६ नव्याने खटला देत नाही. आरोपी खटला चालू असताना हजर झाला तर आधीच्या पुराव्याची तपासणी करू द्यायची की नाही हे न्यायालयाच्या मर्जीवर. निकालानंतर फक्त अपील, तेही स्वतः अपील न्यायालयात हजर झाल्यावर, आणि निकालापासून तीन वर्षं उलटली की तेही नाही. गैरहजेरीतला खटला आपण चौकशीप्रधान देशांच्या वळणाचा आणला, आणि त्याच्यासोबत तिथे येणारी फेरखटल्याची हमी तेवढी मागेच राहिली.